पडद्यापलीकडच्या खुर्च्या

प्रेमदासनं हातोडा उचलला आणि पडद्यामागच्या भिंतीवर पहिला घाव घातला. विटा जुन्या, चुन्यात बसवलेल्या, सहजासहजी सुटेनात. चौथ्या घावाला एक वीट निसटून पलीकडे पडली आणि त्या भोकातून टॉकीजचा पांढरा कापडी पडदा दिसला.

हिंगणघाटच्या या टॉकीजला मागच्या अंगानं एक छोटं थेटर जोडायचं काम तीन महिने त्याच्याकडे होतं. साठ माणसांपुरतंच, पण त्यानं त्यात जीव ओतला होता. फरशीचा उतार असा साधला होता, की शेवटच्या रांगेतल्या बुटक्या बाईलाही पुढच्याचं डोकं आड येऊ नये. एकच गोष्ट त्याला उमगत नव्हती. सिनेमाच्या मशीनची खोली कुठं काढायची, असं विचारलं की मालक अण्णाजी "पाहू" म्हणत. आणि आज त्यांनी ही मधली भिंतच पाडायला सांगितली होती.

"भिंत गेली तं पडदा मागून उघडा पडन, अण्णाजी. इकडचा पडदा कुठं लावता?"

"इकडचा कायले? हाच." अण्णाजींनी पान गालात सरकवलं. "तिकडून पाहा का इकडून, सिनेमा तोच. दार तं गल्लीत काढलंच हाये."

ती गल्ली थेट प्रेमदासच्या वस्तीत जात होती. त्यानं हातोडा खाली टेकवला.

"हे कोनासाठी हाये, अण्णाजी?"

"तुमच्याच लोकायसाठी! बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून तुमच्या पोरायले खुर्ची पायजे. ते खुर्चीवर बसले का बाकीचे उठून जातात. म्हटलं, घ्या बाप्पा साठ खुर्च्या. आता तरी खुश?"

अण्णाजी अगदी मनापासून हसत होते. त्यांनी शिवी हासडली असती, तर हातोडा फेकून निघून जाता आलं असतं. लोक आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. प्रेमदासनं तर तो ओळंबा लावून, नीट घासून बसवला होता. भिंत आपण नाही पाडली तर दुसरा पाडेल, असं मनाशी म्हणत त्यानं ती संध्याकाळपर्यंत पाडली. घरी जाताना त्याला स्वतःची किळस आली.

सांगायचं म्हणून त्यानं घरी तोंड उघडलं, तेव्हा बायको सुलोचना ठेवणीतलं लुगडं झाडत होती. नवं थेटर माह्या नवऱ्यानं बांधलं, हे तिनं अख्ख्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. त्यानं नुसतं पाणी मागितलं.

पहिल्या दुपारच्या खेळाला दोघं गल्ली सोडून मोठ्या रस्त्यानं निघाली; सुलोचनाला पाट्या वाचायच्या होत्या. दीक्षेनंतर वस्तीत बायकांचा वर्ग सुरू झाला होता, आणि आठ महिन्यांत सुलोचना अक्षरं लावायला शिकली होती. वाटेतली एकही पाटी ती सोडीना.

"का-प-डा-चे दुकान," ती मोठ्यानं म्हणाली. "आता सिनेमातली नावं मी वाचून दाखवतो तुमाले."

पडद्यामागच्या नव्या खुर्च्यांवर दोघं बसली आणि अंधार झाला. पडद्यावर नावं उमटली, आरशात दिसावी तशी सगळी उलटी. सुलोचना पुढे वाकली. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तिनं हात मांडीवर घेतले. सिनेमातला नायक डाव्या हातानं जेवला तेव्हा पोरं खो खो हसली. तिला काही हसू आलं नाही.



"काम लई चांगलं केलं तुमी," परतताना ती म्हणाली. "कोनाचं डोकं आड नाई आलं."

"हं."

"मले एक अक्षर नाई वाचता आलं. पाट्या नुसत्या पाठ झाल्या असतीन. उद्यापासून मी वर्गात नाई जात. माह्या डोक्यात काई राहत नाई."

प्रेमदास थबकला. अक्षरं उलटी होती, तुझी काही चूक नव्हती, एवढंच सांगायचं होतं. पण मग ती विचारणार, उलटी काऊन?

"जाजो वर्गात," तो म्हणाला.

"कायले?"

कापडाचं दुकान आलं. सुलोचना मान खाली घालून पाटीखालून निघून गेली.