शेजारच्या दुकानासाठी

मी एक जुना, निळा, प्लॅस्टिकचा क्रेट आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, मी फार थकलोय. कोरियातल्या येचॉन गावच्या ओकबुनकाकू माझ्यात टोफू भरतात. त्यांच्या कारखान्याची आणि बाजूच्या दुकानाची भिंत एकच. पूर्वी काकू मला कमरेवर घेऊन तिकडे ठेवून यायच्या. टोफू वाफाळलेला असायचा आणि लोक माझ्याभोवती गर्दी करायचे. तेव्हा मी फुशारून जायचो.

मग ते दुकान एका मोठ्या कंपनीने घेतलं. आता सगळा माल आधी लांबच्या देजॉन शहराजवळच्या गोदामात जातो आणि तिथून दुकानोदुकानी. म्हणजे मी पहाटे निघतो, अर्धा देश हिंडतो आणि दुपारी त्याच भिंतीपलीकडे उतरतो. काकूंना थेट विकायची बंदी.

कंपनीत गाड्यांच्या रस्त्यांचा हा नकाशा आखणारी हेरिन एकदा आली होती. मुलगी गुणी. म्हणाली, "काकू, प्रत्येक गावाला वेगळी गाडी दिली तर निम्म्या रिकाम्या धावतील. लांबच्या खेड्यांना मग काहीच मिळणार नाही." तिचं खोटं नव्हतं. त्या खेड्यांत माझी वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत.

पण चुसोकच्या, म्हणजे पितरांना नैवेद्य दाखवायच्या सणाच्या, आदल्या दिवशी घात झाला. सणाच्या सकाळी पितरांपुढे तळलेला टोफू मांडायचा असतो. गावातल्या किल्सुनताईंचा नवरा गेल्यानंतरचा तर तो पहिलाच सण. त्या दुकानातून रिकाम्या हाताने काकूंकडे आल्या.

"ओकबुन, तू टोफू करतेस की त्याच्या सहली काढतेस?"

काकूंकडे नवा टोफू करायला भिजवलेलं सोयाबीनही उरलं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. "मान्सू, कुठे मेलास?"

"काकू, आख्खा देश गावाला निघालाय! पुढची गाडी हलली तर मी हलेन ना!"

मी गाडीत त्याच्या मागेच होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तोवर टोफू आंबला होता. काकू मला धुवायला बसल्या. सकाळी किल्सुनताईंनी नवऱ्याच्या फोटोपुढे टोफूची ताटली रिकामीच मांडली होती, असं काकू स्वतःशीच पुटपुटल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात हेरिनचा फोन आला. "गाडी पोचली ना, काकू?"

"पोचली गं पोरी. सण तेवढा थांबला नाही."

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातलं कुणीतरी असे रस्ते आखेल. मला हवं तेवढं फिरवा, माझी तक्रार नाही. फक्त तुमची रेघ दुकानाच्या दारात संपवू नका. ती किल्सुनताईंच्या ताटलीपर्यंत न्या.