शहाणीचा खड्डा

शहाणी आडवी पडली होती, पण मेली नव्हती. एवढी साधी गोष्ट घरात वहिनी सोडून कोणाला पटत नव्हती.

शहाणी म्हणजे गाय. गाभण, दिवस भरत आलेले, आणि अंगावर हाडं मोजून घ्यावीत अशी. तिला बाटलीनं दूध पाजून वहिनींनीच वाढवलं होतं. सकाळी ती कुरणाच्या उतारावर चरता चरता बसली आणि बसल्या जागी लवंडली. पाय चढाच्या बाजूला, पाठ उताराच्या बाजूला. उठायचा प्रयत्न केला की पाय हवेत झाडायची आणि होती तिथेच परत.

ती अशी खंगली कशी, याचं उत्तर वहिनींच्या धाकट्या दिराकडे होतं. कुठेही नोकरी न करता त्याला सगळे मॅनेजर म्हणायचे. त्यानं गोठ्यात समान न्याय आणला होता. सगळ्या गाईंना मिळून एकच मोठी गव्हाण. कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. मग दांडग्या गाईंनी शिंगं उगारून समान न्याय फस्त केला आणि शहाणी कडेला उभी राहून न्यायाचा वास घेत बसली.

"वहिनी, भावनेत वाहून जाऊ नका," मॅनेजर खिशात हात घालून म्हणाला. "पडलेली गाय उठत नसते. मी पुढची सोय करून ठेवलीय."

"कसली सोय?"

तेवढ्यात धडधड करत खोदाईचं मशीन कुरणात शिरलं.

"भाऊजी, ती रवंथ करतेय! डोळे उघडे आहेत तिचे!"

"म्हणून तर आधी करायचं. गेल्यावर धावपळ नको."

वहिनी फोन घेऊन उंचवट्यावर पळाल्या, कारण रेंज तिथेच यायची. गुरांची डॉक्टरीण फोनवर एका दमात बोलली. "मी निघालेच. तोवर तिला छातीवर बसवा, कुशीवर पडू देऊ नका, पोट फुगेल. पाय उताराकडे आले पाहिजेत. आणि मानेला दोर बांधून ओढलंत तर मी तुम्हाला बांधीन."

वहिनी परत आल्या तर खड्डा तयार. तोही गाईच्या पाठीपासून हातभर अंतरावर, उताराच्या बाजूला.

"इतक्या जवळ?" वहिनींचा आवाज चिरकला.

"ओढत न्यायला नको," मॅनेजर समाधानानं म्हणाला. "जागच्या जागी काम."

"अहो, पाय उताराकडे आणायचे तर तिला त्याच बाजूला पलटायचंय! सरळ आत जाईल ती!"

मॅनेजरनं खड्ड्याकडे पाहिलं, गाईकडे पाहिलं. "हे नियोजनात नव्हतं," तो म्हणाला.

"बुजवा हो तो," वहिनी मशीनवाल्याला म्हणाल्या.

मशीनवाल्यानं चावी फिरवली. मशीन खोकलं, थरथरलं आणि गप्प झालं. "डिझेल संपलं, ताई. बुजवायचंय हे सांगितलंच नव्हतं कोणी."

आता दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावला असता. वहिनींनी पदर खोचला. "ताडपत्री आणा. हिला आधी वरच्या बाजूला सरकवू, खड्डा लांब राहील. मग पलटू."

तोवर सासूबाई छत्री घेऊन आल्या होत्या. बादली पालथी घालून त्या गाईच्या डोक्याशी बसल्या आणि छत्री तिच्यावर धरली. "माझ्या बाळंतपणात कोणी छत्री धरली नाही," त्या म्हणाल्या, पण हात जराही हलू दिला नाही.

डॉक्टरीण आली ती बॅग उघडतच. तपासलं, पोटावर हात ठेवला. "वासरू जिवंत आहे. हिच्यात ताकद नाही आणि कॅल्शियम कमी पडलंय. आधी सरकवा, मग सलाईन."

गाईला जरा उचलून, जरा ढकलून ताडपत्री खाली सारली. वहिनी आणि मशीनवाला एका टोकाला, डॉक्टरीण मानेला आधार द्यायला. मॅनेजर ओढायला नव्हता. तो उताराच्या बाजूला, खड्ड्याकडे पाठ करून उभा राहून दोन्ही हातांनी वाहतूक सांभाळत होता.

"येऊ द्या! येऊ द्या! जरा तिरकं! अजून! मला पूर्ण दिसू द्या!"

पूर्ण दिसावं म्हणून तो एक पाऊल मागे सरकला. मग आणखी एक.

धप्प.

मग जमिनीतून आवाज आला. "वहिनी?"

"लागलं का?"

"नाही. पण बाहेर येता येत नाहीये. फार व्यवस्थित खोदलाय."

"आभारी आहे," मशीनवाला म्हणाला.

"मग थांबा तिथेच," वहिनी ताडपत्रीला पुन्हा भिडल्या. "एका वेळी एकालाच उठवणार मी. आणि तिचा नंबर आधी आहे."

शहाणी खड्ड्यापासून दूर सरकली. मग सगळ्यांनी मिळून तिला पलटलं, पाय उताराकडे आणले, छातीवर बसवलं आणि दोन्ही बाजूंनी गवताच्या पेंढ्या लावल्या. डॉक्टरीणबाईंनी सुई शिरेत घातली आणि बाटली वहिनींच्या हातात दिली. "उंच धरा. सावकाश जाऊ दे, घाई केली तर हृदयावर येईल."

वहिनींचा हात भरून आला, मग बधिर झाला. सासूबाईंनी आपली बादली पायानं त्यांच्याकडे सरकवली. वहिनी बसल्या नाहीत, बादलीवर चढून उभ्या राहिल्या.

खालून अधूनमधून सूचना येत होत्या. "कोमट पाण्यात गूळ द्या!" ही एकच बरी निघाली. सलाईन संपल्यावर वहिनींनी दुसरी बादली भरून आणली; शहाणीनं ती रिकामी केली आणि त्यांची बाही चाटली.

"आता," डॉक्टरीण म्हणाली. "शेपटीच्या मुळाशी धरा, आधार द्या फक्त. जोर तिचा तिला लावू दे."

"ऊठ गं बाई," वहिनी तिच्या कानाशी म्हणाल्या. "तुझ्या नावाचा खड्डा खणलाय त्यांनी. ऊठ आणि दाखव."

शहाणीनं मान पुढे फेकली, मागचा भाग उचलला, डगमगली, खाली बसली. पुन्हा. मशीनवाल्यानं खांदा दिला. मागचे पाय ताठ झाले. मग एक गुडघा, मग दुसरा. आणि शहाणी चारी पायांवर उभी राहिली, नव्या टेबलासारखी लटपटत.

शहाणीनं शेपूट उचललं आणि पडल्यापासून धरून ठेवलेलं सगळं मोकळं केलं. उतार जिकडे, धार तिकडे.

"वा!" डॉक्टरीण खूश झाली. "मूत्रपिंडं एकदम छान!"

"वहिनी," खालून घाबरा आवाज आला, "इथे कुठून तरी पाणी येतंय. कोमट आहे!"

सासूबाईंनी छत्री मिटून मुलाकडे खाली सोडली. "घे रे बाळा."

वहिनींनी गाईच्या कुशीवर तळवा टेकला. आतून एक लाथ बसली, चांगली सणसणीत. तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते गाईच्याच पाठीला पुसले आणि खड्ड्याच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, आजपासून शहाणीची गव्हाण वेगळी. आणि तिचं खाऊन झाल्यावरच बाकीच्यांना."

"पण समान..."

"नाहीतर तुम्हाला वर काढायची ताडपत्री घडी करून ठेवते."

उघडलेल्या छत्रीखालून आवाज आला, "मंजूर!"