बाबांचे शेवटचे शब्द

शनिवार पेठेतल्या शर्मिलाताईंच्या लेखनवर्गात आपलं लेखन आपण वाचायचं नाही, असा नियम होता. दुसऱ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने गप्प बसून ऐकायचं. श्रद्धाचा वडिलांवरचा लेख अर्णवच्या वाट्याला आला. ताईंच्या दुरुस्त्यांनंतरचा हा चौथा खर्डा. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध होतं. तेव्हा हा लेख छापून नातेवाइकांत वाटायचा, म्हणजे बाबांचा शेवट असाच झाला असं ठरून जाणार होतं.

अर्णवने आवाज खाली आणला. "'बाळ,' बाबा मंद हसले, 'मी जात नाहीये गं, तुझ्या शब्दांत राहायला येतोय.'"

कुणीतरी नाक ओढलं. टाळ्या पडल्या. घरी लिहिताना हे वाक्य श्रद्धाला सुंदर वाटलं होतं. परक्याच्या तोंडून ऐकताना त्याला नासलेल्या बासुंदीचा वास आला.

टाळ्या थांबेपर्यंत ताई चष्मा पुसत बसल्या.

"वडील काय करायचे आपले?"

"एसटीत होते. स्वारगेटला कंट्रोलर."

"अस्सं. प्रवासी चुकीच्या फलाटावर दिसला, की त्याच्याशीही असंच बोलायचे का?"

वर्ग हसला.

"चूक माझीही आहे," ताई म्हणाल्या. "तीन खर्डे मी भाषाच सुधारत बसले. भाषा छान झाली, माणूस निघून गेला. खरं काय म्हणाले ते?"

"काहीच नाही."

"मग जे झालं ते लिहा. आत्ता, इथेच."

श्रद्धाने कोरा कागद घेतला आणि लिहिलं: बाबांच्या हनुवटीवर लाळ ओघळत होती, पिवळट, चिकट. रुमाल माझ्या हातात होता. मला किळस आली. नर्स येईल म्हणून मी दाराकडे बघत राहिले.

एवढं लिहून तिने पेन ठेवलं. स्वतःचेच हात तिला घाण वाटत होते.

ताईंनी वाचलं. या वेळी त्यांनी कुठेही खूण केली नाही. "आणि वडिलांनी?"

"त्यांना कळलं."

"कशावरून?"

श्रद्धाने कागद पुन्हा पुढे ओढला आणि लिहिलं: बाबांनी कसंबसं चादरीचं टोक ओढलं आणि आपली हनुवटी आपणच पुसली. मग माझ्याकडे बघितलं, माफी मागितल्यासारखं.