डावा कान

हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी लागतात. दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, मग ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. टोकं जुळतात तेव्हा नाकाला नाक लागेल इतकं जवळ. दिवसातून चारशे वेळा! चारशे वेळा जिच्या नाकाजवळ जायचं, तिच्याशी एकतर मैत्री होते, नाहीतर कडाक्याचं भांडण.

घडीवालीची आणि तिच्या जोडीदारणीची मैत्री झाली होती. जोडीदारणीला सगळे 'बडबडी' म्हणायचे आणि ते नाव तिने घाम गाळून कमावलं होतं. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून ती दिवसभर नवऱ्याच्या घोरण्यापासून सासूच्या हरवलेल्या कवळीपर्यंत सगळं सांगायची. घडीवाली पोट धरून हसायची. स्वतःबद्दल मात्र तीन वर्षांत चकार शब्द नाही.

दहा वर्षांची असताना तिने एकदा सांगून पाहिलं होतं. बाकावरच्या जिवलग मैत्रिणीला, अगदी कानात: बाबा घर सोडून गेले तेव्हापासून मी त्यांचा जुना स्वेटर उशाशी घेऊन झोपते. दुसऱ्या दिवशी वर्गात अठ्ठावीस मुली स्वेटर गालाला लावून, डोळे मिटून, खोटंखोटं घोरत बसल्या होत्या. बाई आत आल्या. त्यासुद्धा हसल्या. सगळ्यात मोठा स्वेटर जिवलग मैत्रिणीच्या गालाला होता. पुढची सहा वर्षं हिचं नाव 'स्वेटर'.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही तर पाणीसुद्धा फुंकून प्यायची. कोणी जवळ यायला लागलं, की त्याला एक गुपित द्यायचं, साफ खोटं, आणि प्रत्येकाला वेगळं. मग कान टवकारून बसायचं. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते परत आलं, की त्या माणसावर फुली. अशी शेजारीण गेली, मावसबहीण गेली, आणि जो तिच्याशी लग्न करायला निघाला होता, तोही गेला. सगळ्यांची गुपितं परत आली होती.

बडबडीची परीक्षा तिने तीन वर्षं लांबवली. हिचंही परत आलं तर मागे कोणीच उरणार नव्हतं.

पण गेल्या सोमवारी बडबडीच चिडली. "ए बाई, मी माझं अख्खं घर तुझ्यापुढे ओतते आणि तू मिठाची गुळणी धरून बसतेस! मी काय परकी आहे?"

घडीवाली घाबरली आणि सवयीने बोलून गेली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. कोणाला सांगू नकोस."

बडबडीने गळ्याला चिमटा घेतला. "आईशपथ, नाही सांगणार," एवढंच म्हणाली.

चार दिवस गेले. शुक्रवारी सकाळी इस्त्रीच्या रोलरवर दोघींची पाळी होती. रोलर फिरण्याआधी घंटा वाजते आणि हात मागे घ्यायचे असतात. घडीवालीचं लक्ष बडबडीवर होतं: ती मघाशी कोणाशी कुजबुजत होती? घंटा वाजली. बडबडीने किंचाळून तिचा हात खेचला, तेव्हा गरम रोलर बोटांपासून जेमतेम केसभर दूर होता.

तासाभराने सुपरवायझरने खाली ऑफिसात बोलावलं. "सोमवारपासून तू इथे खाली. मळके कपडे निवडायला."

"का, साहेब?"

"कान अधू आहे ना तुझा? घंटा डावीकडेच आहे. आधीच सांगायचं होतंस."

ती जिना चढून वर आली, पण खरं तर ती वर्गात शिरत होती. अठ्ठावीस गाल, अठ्ठावीस स्वेटर. जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीकडे तोंड करून बसली. डबा उघडलाच नाही.

बडबडी आली. मुद्दाम डावीकडे टेकली आणि अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी पुटपुटली, "मीच सांगितलं गं. शपथ मोडली. काय करू, तुझा हात आत जाता जाता वाचला. उद्या परत घंटा ऐकू आली नाही तर? तू आता माझं तोंड बघणार नाहीस. नको बघूस. दहा बोटं शाबूत राहू देत तुझी. मला तुझ्याशिवाय आहे कोण इथे?"

घडीवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. अशा वेळी बहिरं कसं राहायचं? ती वळली.

बडबडीचा चेहरा पांढरा पडला. "ऐकू आलं तुला?"

"येतं. दोन्ही कानांनी येतं. मी... मी फक्त बघत होते, तू सांगतेस का ते."

"बघत होतीस?" बडबडीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात ओढताना मनगटावर चटका बसला होता, फोड टरारून आला होता. "म्हणजे मी तीन वर्षं तुझ्यापुढे मन मोकळं करत होते, आणि तू मला उंदराला लावतात तसा सापळा लावलास?"

"ऐक ना. शाळेत एकदा..." आणि मग घडीवालीने सगळं सांगितलं. बाबा, उशी, अठ्ठावीस मुली, बाईंचं हसणं. शब्द धडपडत, एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर आले. वीस वर्षांत तिने कोणालाही सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती. "तो स्वेटर अजून आहे माझ्याकडे. अजूनही घेते उशाशी. तूच सांग, मी काय करू?"

बडबडीने मनगटावरच्या फोडावर फुंकर घातली.

मग तिने विचारलं, रागाने नाही, थकून: "आणि हे खरंय, का हेसुद्धा मी कोणाला सांगते ते बघायला?"

सिद्ध करायला घडीवालीकडे काहीच नव्हतं.

सुट्टी संपली. दोघींनी चादर धरली, ताणली, झटकली. बडबडी नेहमीसारखी पुढे आली नाही. हात लांब करून तिने आपली टोकं देऊ केली आणि पाहिलं खिडकीकडे. घडीवाली एकटीच अख्खं चादरभर अंतर चालत गेली.