सतरा वर्षांच्या गाडीची वॉरंटी

कृष्णनाथ शेटच्या पेडण्याच्या घरासमोर ताडपत्रीखाली एक लाल गाडी असते. इटलीची, दोनच माणसांची, सतरा वर्षांची. इंजिन पाठीमागे आणि सामान ठेवायची जागा पुढे. पहिल्या दिवशी मी बॉनेट उघडलं तर आत इंजिनच नाही. शेटला कोणीतरी फसवलं, असंच मला वाटलं होतं.

गोव्यातच पाळी गावात लोखंडाच्या खाणी चालत होत्या तेव्हा शेटचे खनिज वाहणारे बावीस टिपर होते आणि ते चालते ठेवायचं काम माझं. खाणी बंद पडल्या, टिपर विकले गेले, शेट आपल्या गावी पेडण्याला परतला. मी सिंधुदुर्गातून आलेलो, पण पाळीलाच राहिलो. पुढे पेडण्याजवळ मोपाला विमानतळ आला आणि तिथल्या सड्यावरची शेटची काजूची बाग एका हॉटेलवाल्याने घेतली. त्या पैशांतून ही वापरलेली गाडी आली. लोक हसले. शेट म्हणाला, “आयुष्यभर टिपरच्या रांगेत दुसऱ्याचो धुरळो खाल्लंय. आता एकदा तरी पुढे जावन बघतंय.”

दर गुरुवारी मी पाळीहून स्कूटर घेऊन जातो. तेल बघतो, नट आवळतो, गाडी पुसतो. एकोणसत्तराव्या वर्षी माझ्या हातांना दुसरं कोणी काम देत नाही. गुरुवार गेला तर बाकीच्या सहा दिवसांचं काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

गेल्या वर्षी क्लच गेला. गाडी ट्रकवर चढवून मुंबईला न्यावी लागली, तिथे दोन महिने पडून राहिली आणि बिल आलं ते एका चालत्या टिपरच्या किमतीचं. तेव्हा शेटच्या बायकोने, पद्मावती वयनीने, त्याला बजावलं, “वॉरंटी मिळाली तर गाडी रवतली. नाय मिळाली तर केरीच्या किनाऱ्यावरचो तो शॅकवालो मागता, तेका दिवन टाका. माझ्या जिवाक आता ह्यो घोर नको.”

एवढ्या जुन्या गाडीला वॉरंटी कोण देणार? पण अशा गाड्यांना पैसे घेऊन वॉरंटी देणारी एक कंपनी शेटने फोनवर शोधून काढली. त्यांचा माणूस आधी गाडी तपासणार होता. शेटने मला कळवलं, “शंभू, शुक्रवारी पासिंगाक येतंत.”

पासिंग म्हटल्यावर मला काय करायचं ते ठाऊक होतं. आमच्या खाणपट्ट्यात पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी टिपरला न्हाऊ घालतात. इंजिन रॉकेलने पुसायचं, चासीला काळा रंग मारायचा आणि जिथे गळतं तिथे कपड्यांच्या साबणाची वडी घासायची. साहेब बघून जाईपर्यंत साबण धरतो. चाळीस वर्षं मी हेच केलं आणि बावीसपैकी एकही टिपर कधी परत पाठवला गेला नाही.

ह्या गाडीच्या इंजिनावरच्या झाकणाचं पॅकिंग झिजलं होतं. तिथून तेल पाझरायचं, फार नाही, आठवड्याला चमचाभर. मी गुरुवारी सगळं पुसलं आणि मोरीवरची निळी वडी घेऊन त्या सांध्यात नीट घासली. इंजिन असं चमकायला लागलं की मलाच त्याचं कौतुक वाटलं.

शुक्रवारी दहा वाजता परेश नावाचा तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. त्याने इंजिनात डोकावून बघितलं.

“काका, गाडी सतरा वर्षांची ना?”

“हो.”

“मग हे इंजिन कालच कारखान्यातून आल्यासारखं कसं दिसतं?”

“निगा,” मी म्हटलं.

“कोणी घेतली निगा?”

मी छाती थोडी पुढे काढली. “मी.”

त्याने टॅबवर काहीतरी टिपलं. मग शेटला अटी वाचून दाखवल्या. वर्षाचे पैसे एका सेकंडहँड रिक्षाएवढे होते. गाडी मुंबईच्या ठरलेल्या वर्कशॉपमध्येच न्यायची. दुसऱ्या कोणी एक नट जरी उघडला तरी वॉरंटी रद्द.

“तेल बदललं तरी?” मी विचारलं.

“तेल तर मुळीच नाही, काका.”

माझं डोकं फिरलं ते इथे. वॉरंटी मिळाली तर गाडी राहणार, पण मी तिला हात लावायचा नाही. नाही मिळाली तर गाडी केरीला जाणार. म्हणजे जिच्यासाठी मी साबण घासला ती वॉरंटी नेमकी मलाच अंगणाबाहेर घालवणार होती.

शेटने मला बाजूला घेतलं. “शंभू, तूच सांग मरे. घेव काय नको? माका कायच कळणा नाय.”

मला तरी कुठे कळत होतं? नव्या टिपरला वॉरंटी देतात तेव्हा त्यात मोडण्यासारखं काही नसतं. ही गाडी मोडणार हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मग मोडणाऱ्या वस्तूवर कंपनी पैज कशी लावते? एक तर कंपनी खुळी असणार, नाहीतर आम्ही. कंपनीचा माणूस खुळा दिसत नव्हता. पण हा विचार मी गाडीसाठी करतोय की माझ्या गुरुवारसाठी, हेही मला सांगता येईना. म्हणून मी म्हटलं, “शेट, आधी तपासून तर होवंदे.”

परेशने गाडी सुरू केली आणि दहा मिनिटं चालू ठेवली. इंजिन तापलं. आधी मंद वास आला, मग जरा जास्त. पद्मावती वयनी चहा घेऊन आली ती पायरीवरच थांबली.

“ह्यो तर माझ्या कपड्यांच्या साबणाचो वास!”

परेश वाकला. झाकणाच्या सांध्यातून निळसर फेस येत होता आणि त्या फेसामागून तेलाची काळी रेघ उतरत होती.

“काका,” तो म्हणाला, “गाडीला आंघोळ घातली, ती तरी पुरती घालायची. साबण तसाच राहिला.”

शेट माझ्याकडे बघायला लागला. “शंभू, ह्यां काय केलंस रे?”

“पासिंग म्हणालात ना तुम्ही,” मी म्हटलं. “पॅकिंग गेलंय. दोन महिने गळतंय. मी पुसतो म्हणून दिसत नाही.”

परेश रागावला नाही. त्याने फोनवर कोणाशी तरी बोलून घेतलं आणि सांगितलं की वॉरंटी मिळेल, पण हा आधीचा दोष आहे, त्यामुळे इंजिन वगळून. आणि इंजिनाला गिअरबॉक्स जोडलेला असतो म्हणून तोही वगळून.

“मग उरला काय?” वयनीने विचारलं.

“एसी, काचांच्या मोटारी, पुढचे दिवे...”

“आणि पैसे?”

“पैसे तेवढेच.”

“इंजिन सोडून वॉरंटी!” वयनीने चहाचा ट्रे कठड्यावर ठेवला. “म्हणजे नवरो सोडून वरात. बाबा, तू चाय पी आणि जा. तुझो काय दोष नाय.”

चहा पिऊन परेश गेला. शेट ताडपत्रीची दोरी हातात धरून उभा राहिला. वयनी माझ्याकडे वळली. “शंभूभावजी, खरां सांगा. ही गाडी आणखी किती वर्षां चालतली?”

“वयनी, टिपर असतो तर महिना सांगितला असता. हिचं मला समजत नाही. पॅकिंग बदलता येईल. पुढे काय मोडेल ते देव जाणे.”

“बदला मग. गळकी गाडी तो केरीवालो अर्ध्या किमतीत मागतलो.”

म्हणजे विकायचं ठरलंच होतं. पॅकिंग दिल्लीहून यायला सोळा दिवस लागले. ते आलं त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी मी गेलो. झाकण उघडायला एक दिवस, साबण खरवडून काढायला दुसरा. त्या झाकणाला बारीक बारीक किती नट! हळू करावं की लवकर, हेच मला ठरवता येईना. चांगलं काम केलं तर गाडी जाते, आणि वाईट काम करायला हात तयार होत नव्हते. शेवटी नट जसे आवळायला हवे होते तसे आवळले.

शेट आणि मी मोपाच्या रस्त्यावर एक फेरी मारून आलो. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवला. सकाळी वयनीने स्वतः तो ओढून काढला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. एक थेंब नव्हता.

“केरीवाल्याक फोन करतंय,” शेट म्हणाला आणि खिशात फोन शोधायला लागला.

वयनी पुठ्ठा हातात घेऊन तशीच उभी होती. “कित्याक?”

“तूच म्हणालंस...”

“गळत होती म्हणून म्हणालंय. आता गळत नाय तर विकूची कित्याक? त्या कंपनीक देवचे होते ते पैसे बँकेत माझ्या नावार घाला. काय मोडला तर त्यातसून. ते सरले की गाडी गेली, मग माका विचारूचा नाय.”

गळती गाडी विकता येत नाही आणि न गळती विकायची नाही, असा त्याचा अर्थ मी लावला. बरोबर लावला की नाही ते अजून कळलेलं नाही.

वयनी आत गेल्यावर शेटने मला हळूच विचारलं, “पण शंभू, खरां सांग. इंजिन धरून वॉरंटी दिली असती तर घेवक होई होती काय नको?”

मी ताडपत्री उचलली. “शेट,” मी म्हटलं, “ताडपत्रीचं ते टोक धरा.”