दाराचे तेरा पॉइंट

आमच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी अक्काच्या पायांनी दगा दिला. अक्का माझी थोरली बहीण. चाकांची खुर्ची आणली, घडी घालून तिच्या खोलीत नेली, पण अक्का तीत बसली की खुर्ची दारात दोन्ही बाजूंनी अडकायची. कुणी उचलून नेलेलं तिला खपत नसे. आपल्या हाताने चाकं फिरवत गॅलरीत जायचं आणि खालचा रस्ता बघायचा, एवढंच तिचं मागणं. दार वीतभर रुंद केलं की भागत होतं.

भाचा, म्हणजे अक्काचा मुलगा, सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो म्हणाला, "मामा, घरातली कामं रखडतात, कारण त्यांना शिस्त नाही. ऑफिसातली पद्धत घरी आणू." त्याच दिवशी माणूस बोलावून त्याने अक्काच्या पलंगासमोर भलामोठा स्क्रीन लावून घेतला. चार भोकं पडली, चुना उडाला, तासाभरात काम फत्ते. स्क्रीन तिच्याच खोलीत का? तर मीटिंगला ती बाहेर येऊ शकत नाही म्हणून.

"भिंत फोडणारा हाताशी होता, तेव्हाच दाराचं सांगायचंस," अक्का म्हणाली.

"आई, दाराचा अंदाज कुठे काढलाय अजून?"

पद्धत अशी. प्रत्येक कामाचं स्क्रीनवर एक कार्ड. काम किती जड, ते सगळ्यांनी एकदमच आकड्याचा पत्ता वर करून सांगायचं, ते पॉइंट. दर दोन आठवड्यांसाठी काही कार्डं घ्यायची आणि उरकतील तशी ‘झालं’ या रकान्यात सरकवायची. शेजारी उरलेल्या पॉइंटची एक रेघ खाली उतरत जाते. ती तळाला टेकली की घर जिंकलं.

दारासाठी अक्काने एकचा पत्ता दाखवला, तिच्या सूनबाईने पाचचा, भाच्याने तेराचा. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त सांगणाऱ्याने कारण द्यायचं असतं.

"मला माणसं बघायची आहेत," अक्का म्हणाली. "हेच कारण."

भाच्याने ते कार्डावर उतरवून घेतलं. "वा, आई! ऑफिसात इतकं स्वच्छ कुणी लिहून देत नाही."

मी गवंड्याला घेऊन आलो. त्याने भिंतीवर टिचकी मारली. "दीड दिवस."

"दिवस नकोत, पॉइंटमध्ये सांगा," भाचा म्हणाला.

"पॉइंट म्हणजे? विटा का?"

"कामाचा जडपणा."

"मग साहेब, तुम्हाला हलकं वाटलं की बोलवा." थापी पिशवीत टाकून तो गेला.

तेरा पॉइंट एका दमात झेपत नाहीत म्हणून दाराचे तुकडे केले. दार मोजणे. दाराचा फोटो काढणे. खुर्ची मोजणे. रंगाबद्दल आईशी बोलणे. ही कार्डं भराभर ‘झालं’मध्ये गेली. रेघ उतरली, सूनबाईने टाळ्या वाजवल्या. ‘दार फोडणे’ हे कार्ड मात्र दर वेळी पुढे ढकललं जाई. कारण ते घेतलं आणि पुरं झालं नाही, तर रेघ वरच लटकते.

"माझ्या दाराचे एवढे तुकडे पाडलेत," अक्का म्हणाली, "भिंतीचा एक पाडा की रे."

माझं डोकं फिरलं. "उद्याच गवंडी आणतो. ते कार्ड गेलं चुलीत."

"मामा, मध्येच काम घुसवलं की सगळा आलेख बिघडतो."

"बिघडू दे. गॅलरीत आलेखाला बसायचंय का?"

अक्का खोकला येईपर्यंत हसली. भाचाही ओशाळला. त्याने कार्ड सगळ्यात वर घेतलं आणि गवंड्याला स्वतः फोन केला. गुरुवार ठरला. अक्काने माझ्याकडून गॅलरी झाडून घेतली, खुर्चीचं तोंड दाराकडे करून ठेवायला लावलं.

गुरुवारी गवंडी आला, त्याला मी जिन्यातूनच परत पाठवलं.

दोन आठवडे सरले, तेव्हा भाचा त्या खोलीत स्क्रीनसमोर बसला होता. ते कार्ड मिटवल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देईना. कारण निवडा, म्हणत होतं. काम झालं, चुकून दोनदा नोंदलं, आता गरज नाही. त्याने तिन्ही कारणं पुन्हा वाचली. मग त्याने तिसरं निवडलं. रेघ पहिल्यांदाच तळाला टेकली आणि स्क्रीनभर रंगीत कागदाचे कपटे उडाले. ते थांबवायचे कसे, त्याला ठाऊक नव्हतं. मी जाऊन प्लग ओढला.

माझी बहीण अक्का, जुळ्यांना पहिले दात आले त्या महिन्यात, त्या गुरुवारच्या आदल्या मंगळवारी सकाळी, झोपेतच वारली.