जनाचा वाटा

"मावशी, जरा हळू उचला. भुकेल्यासारखं."

"भूक लागली का हळू नाय उचलीत कोनी, दादा," जना म्हणाली. कॅमेऱ्यामागची दोन-तीन पोरं हसली. दीपेश हसला नाही. ऊन उतरायच्या आत त्याला हा प्रसंग संपवायचा होता.

मुरबाडच्या एका मंगल कार्यालयामागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगापाशी हे चाललं होतं. साल दोन हजार चार, वैशाख. दीपेश हा कार्यालयाच्या मालकाचा पुतण्या. किन्हवलीचा, पण मुंबईच्या कॉलेजात सिनेमा शिकत होता. त्याला माहितीपट काढायचा होता, हसवता हसवता चिमटा काढणारा. एकीकडे लग्नात वाया जाणारं अन्न, दुसरीकडे गरिबाची भूक. नावही ठरलं होतं, 'सावकाश होऊ द्या'. जिलबीचा आग्रह करणारे, पोटावरून हात फिरवणारे पाहुणे टिपून झाले होते. भूक तेवढी टिपायची राहिली होती.

जना सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीतली. नवरा गेल्यापासून भाताची दोन खाचरं तीच लावी आणि लग्नसराईत इथे भांडी घासायला येई. बारा वर्षं येत होती, पण उष्ट्याला कधी बोट लावलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. पंगत बसायच्या आधी कोंडू आचारी कामाच्या माणसांसाठी भाताचं पातेलं बाजूला काढून झाकून ठेवी. "पावने काय, घरी जाऊन पन जेवतील," म्हणे.

दीपेशने कॅमेऱ्यातून ढीग पुन्हा पाहिला आणि मान हलवली. सकाळपासूनच्या उन्हाने भात वाळून काळा पडला होता, वर माश्या.

"हे अन्न वाटतच नाहीये. आतून थोडा ताजा आणा रे."

घमेलंभर पांढरा, वाफाळता भात ढिगावर ओतला गेला. वर पुऱ्या, चार जिलब्या. जना बघतच राहिली.

"अरे, ह्यो ताजा हाय ना!"

"दिसायला नको का, मावशी? किती नासाडी होते ते लोकांना कळलं पाहिजे."

पहिल्या खेपेला जनाचा पदर वाऱ्याने तोंडावर आला. पुन्हा घमेलं आलं. दुसऱ्या खेपेला वऱ्हाडाची गाडी भोंगा वाजवत मध्येच शिरली. तिसऱ्या खेपेपर्यंत पंगतीचा भात संपला होता, तेव्हा पोरं झाकून ठेवलेलं पातेलंच उचलून घेऊन आली. कोंडू त्यांच्यामागे धावत आला.

"ठेवा तो! आमच्या मानसांचा हाय!"

तोवर पातेलं उपडं झालं होतं. दीपेश ओशाळला, अगदी मनापासून ओशाळला. "सगळ्यांना वडापाव मागवतो, कोंडूकाका," म्हणाला. मग जनाकडे वळला. "आता फक्त एक घास तोंडात घाला, मावशी. म्हणजे सुटलो आपण."

"उष्टा नाय खायची मी."

"उष्टा कुठाय? तुमच्यासमोर तर टाकला."

ते खरंच होतं. पहाटेच्या कोऱ्या चहावर ती उभी होती. मालक मागच्या दारात येऊन बघत होता आणि सराई अजून अर्धी बाकी होती. जनाने वरवरचे चार दाणे चिमटीत घेतले, तोंडात घातले. भात चांगला शिजला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"थांबू नका," दीपेश दबक्या आवाजात पोरांना म्हणाला, "घेत राहा."

वडापाव मागवायचे राहूनच गेले.

माहितीपटाला बक्षीस मिळालं. पावसाळा सरता सरता एका संस्थेने तो शाळाशाळांतून दाखवला. शहापूरकडच्या आश्रमशाळेतही दाखवला. जनाची रंजिता तिथे दहावीला होती.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली ती तोंड मिटून. तिसऱ्या दिवशी जना खळ्यावर भात पाखडत होती, तेव्हा बोलली.

"आये, तू उकिरड्यावरचा खाल्लास?"

"माझ्याच वाट्याचा व्हता गो. त्यांनी वतला तिथं."

"सिनेमात तसा नाय सांगत. ही बाई रोज हितंच जेवते, म्हनतात."

जनाचं सूप थांबलं.

"पोरी इचारीत व्हत्या, तुमच्याकडचीच दिसते, कोन गो तुझी?" रंजिता जमिनीकडे बघत म्हणाली. "मी सांगितला, वलखत नाय."

जनाने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग दुसरा शोधत राहिली.

"बरा केलास," ती शेवटी म्हणाली. "उगा चिडवल्या असत्या."

रंजिता हुंदके देऊन रडायला लागली. जनाने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

सुट्टी संपली. नव्या तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन जना पोरीला धसईच्या स्टँडवर पोचवायला आली. शहापूरची गाडी उभीच होती. खिडकीतून शाळेतल्या दोन पोरींनी हाक मारली, "रंजिता, जागा धरलीय गो!"

रंजिता जागच्या जागी थिजली. तिने आईकडे पाहिलं.

जनाने गाठोडं उतरवून तिच्या हातात दिलं, पदर कपाळावर ओढला आणि चार पावलं बाजूला सरून बाजाराच्या बायकांत उभी राहिली.

गाडी हलली. रंजिता मागच्या काचेतून बघत होती. जनाने हात हलवला नाही. आपली गाडी अजून यायची असावी तशी ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली.